हस्तकला प्रदर्शनाला जावे का, आणि गेल्यास काय पाहावे: नागपुरातील हौशी कारागिरांसाठी

दसरा आटोपला की नागपुरात प्रदर्शनांचा मोसम सुरू होतो आणि संक्रांतीनंतर उन्हाचा चटका जाणवू लागेपर्यंत तो चालतो. चौकाचौकांत ‘भव्य हस्तकला प्रदर्शन व विक्री’ असे फलक लागतात. क्रोशा, भरतकाम, क्विलिंग (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी), रेझिन, मण्यांचे काम किंवा रुखवताच्या वस्तू हौसेने करणारी मंडळी त्या फलकावरील ‘हस्तकला’ या शब्दावर विश्वास ठेवून जातात आणि दोन तासांनी चादर, लोणच्याची बरणी आणि भाजी चिरण्याचे यंत्र घेऊन बाहेर पडतात. मीही अशीच अनेकदा बाहेर पडले आहे. तेथे आणलेला माल वाईटच असतो असे नाही. आपल्याला हवी असलेली वस्तू मात्र तेथे नसते, आणि असलीच तर ती पारखायला लागणारी सवड व माहिती आपल्याजवळ नसते.

बऱ्याच वर्षांच्या पायपिटीनंतर मी प्रदर्शने एकाच कसोटीवर निवडू लागले आहे. टेबलामागे वस्तू बनवणारा माणूस बसलेला असेल, तर जावे. तो नसेल, तर फलक कितीही मोठा असला तरी घरी बसून हातातले काम पुरे करावे. खाली जे टप्पे दिले आहेत, ते सगळे या एका कसोटीसाठी आहेत.

निराशा कोठून येते, ते आधी समजून घ्यावे

आयोजकाचे उत्पन्न बहुतांशी गाळ्यांच्या भाड्यातून येते. गाळा कोण घेतो, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. गाळा रिकामा राहू नये, एवढेच त्याला पाहायचे असते. आता गाळा घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. समजा, तीन दिवसांचे भाडे ९,००० रुपये आहे. भरतकामाच्या दोऱ्याच्या एका लडीमागे विक्रेत्याला ५ रुपये सुटत असतील, तर नुसते भाडे निघण्यासाठी त्याला १,८०० लडी विकाव्या लागतील. चादरीच्या एका जोडीमागे ३०० रुपये सुटणाऱ्या विक्रेत्याचे भाडे मात्र ३० जोड्यांत निघते. त्यामुळे दोरा, मणी, सुया, कागदाच्या पट्ट्या असे किरकोळ साहित्य विकणारा माणूस पहिल्या वर्षी येतो, दुसऱ्या वर्षी विचार करतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या जागी चादरवाला दिसतो. यात कोणाची लबाडी नाही, पण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की आपली अपेक्षा जागेवर येते.

दुसरे कारण आपल्याकडे आहे. आपण तेथे तीन वेगवेगळ्या गोष्टी शोधत असतो: साहित्य, नवी कल्पना आणि शिकण्याची संधी. या तीनही गोष्टी एकाच मांडवाखाली मिळतील अशी आशा धरली की पदरी निराशाच येते.

पहिला टप्पा: प्रदर्शन कोणत्या जातीचे आहे, ते ओळखावे

नागपुरात साधारणपणे तीन प्रकारची प्रदर्शने भरतात. पहिला प्रकार कारागिरांच्या मेळ्यांचा. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यासारख्या उपक्रमांत निरनिराळ्या राज्यांतील कारागीर स्वतः माल घेऊन बसतात. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तालयाच्या योजनेतून भरणारे गांधी शिल्प बाजार आणि महिला बचत गटांची सरस प्रदर्शने याच वर्गात मोडतात. येथेही फेरविक्री करणारे शिरतात, हे मान्य करावे लागेल, पण बनवणारा माणूस भेटण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते.

दुसरा प्रकार सभागृहात किंवा मैदानावर भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनांचा. सहारनपूरचे लाकूडकाम, खुर्जाची क्रॉकरी, भागलपुरी ड्रेस मटेरियल आणि जयपुरी रजया यांच्या जोडीला पाणी शुद्ध करणारी यंत्रे, पाय दाबण्याची यंत्रे आणि मुखवास. घर सजवायचे असेल तर अवश्य जावे, परंतु हौशी कारागिराला तेथे काम नाही.

तिसरा प्रकार लहान आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. छंदवर्ग चालवणाऱ्या बाई, एखादे महिला मंडळ किंवा वसाहतीची समिती यांनी धरमपेठेत, लक्ष्मीनगरात किंवा सदरमध्ये एक दिवसासाठी मांडलेली वीस-पंचवीस टेबले म्हणजे हा प्रकार. कामाची प्रत तेथे फार वरखाली असते. एका टेबलावर थक्क करणारे काचा जडवलेले भरतकाम, तर शेजारी तयार साच्यातून काढलेल्या आणि वर चमकी चिकटवलेल्या पणत्या. तरीही टेबलामागची बाई स्वतः काम करणारी असते, आणि तिच्याशी दहा मिनिटे बोलून जे कळते ते मोठ्या मैदानावर दिवसभर फिरून कळत नाही.

दुसरा टप्पा: फलक वाचावा आणि फोन करावा

फलकावर लकी ड्रॉ, फूड झोन, लहान मुलांचे पाळणे आणि ‘एकाच छताखाली सर्व काही’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि कारागिरांची गावे कोठेच नसतील, तर तो दुसरा प्रकार समजावा. याउलट गावांची व कलांची नावे, प्रात्यक्षिकांच्या वेळा किंवा कार्यशाळांचे विषय छापलेले असतील, तर तो चांगला संकेत आहे.

तेवढ्यावर न थांबता फलकावरील क्रमांकावर फोन करावा. मी नेमके तीन प्रश्न विचारते. गाळे कारागिरांना दिले आहेत की व्यापाऱ्यांना? सुटे साहित्य, म्हणजे दोरा, मणी, कोरे लाकूड, कापड, विकणारे किती गाळे आहेत? प्रात्यक्षिक कोणत्या वेळी आहे? मागे एकदा एका आयोजकाने दुसऱ्या प्रश्नाला “मॅडम, सगळं भेटते इथं, तुम्ही या तर,” असे उत्तर दिले होते. मी गेले, दोऱ्याचा गाळा एकही नव्हता. तेव्हापासून ‘सगळं भेटते’ या उत्तराचा अर्थ मी ‘काहीच नाही’ असा लावते. ज्याला आपल्या प्रदर्शनाची माहिती असते, तो आकडा सांगतो, निदान दोन-चार कलांची नावे तरी घेतो.

तिसरा टप्पा: पिशवी भरावी

यासाठी विशेष खर्च नाही. मोजपट्टी, लहान लोहचुंबक, भिंग, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, वही आणि सुटे पैसे. याखेरीज एक गोष्ट मी आवर्जून नेते, ती म्हणजे रंगांची पट्टी. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची वीतभर पट्टी कापावी, तिच्या कडेला पंचिंग मशीनने भोके पाडावीत आणि हाती असलेल्या कामाच्या प्रत्येक रंगाचा बोटभर दोरा एकेका भोकात गाठ मारून अडकवावा; शेजारी दोऱ्याचा क्रमांक लिहावा. मांडवातील पिवळ्या दिव्यांखाली लालसर जांभळा आणि निळसर जांभळा सारखेच दिसतात, आणि फोनमधील छायाचित्र तर रंगाच्या बाबतीत हमखास दगा देते. पट्टी घेऊन गाळ्याबाहेर उजेडात यावे आणि दोरा दोऱ्याशेजारी धरून पाहावा.

काय घ्यायचे नाही, त्याचीही यादी करावी. माझ्या वहीत पहिल्या पानावर ‘लोकर नाही’ असे लिहिलेले आहे. घरातील पेटी उघडली की कारण कळते.

चौथा टप्पा: जाण्याची वेळ आणि पहिली फेरी

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अर्धे गाळे खोकी उघडत असतात. शेवटच्या दिवशी भाव उतरतात, पण चांगला माल निवडून गेलेला असतो आणि कारागीर परतीच्या गाडीच्या चिंतेत असतो. दुसरा दिवस, तोही रविवार सोडून, सकाळी उघडल्यानंतरचा पहिला तास किंवा दुपारी तीनच्या सुमारास, ही सर्वांत चांगली वेळ. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर सिव्हिल लाइन्स आणि झिरो माइलच्या परिसरात मोर्चे, बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते गृहीत धरावेत. त्या दिवसांत कस्तुरचंद पार्क किंवा झिरो माइल स्थानकापर्यंत मेट्रोने जाणे शहाणपणाचे ठरते.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास पाकीट बंद ठेवावे. सर्व गाळ्यांवरून एक फेरी मारावी आणि वहीत दोनच गोष्टी टिपाव्यात: कोणत्या टेबलामागे हात चालू आहेत, आणि कोणती वस्तू एकाहून अधिक गाळ्यांवर हुबेहूब दिसते. तोच घुबडाचा झुंबर, तोच लाखेच्या मण्यांचा हार, तोच लाकडी हत्ती चार ठिकाणी दिसला, तर तो ठोक बाजारातून आलेला आहे, मग विक्रेता त्याची कथा कितीही रंगवून सांगो.

पाचवा टप्पा: माल पारखावा

माझ्या हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करते. एका प्रदर्शनात मोरपंखी रंगाच्या सहा गुंड्या ‘शुद्ध सूत’ म्हणून मी घेतल्या. कागदी पट्टे निघालेले होते, पण भाव चांगला होता आणि स्पर्श मऊ होता. भाचीच्या बाळासाठी पांघरूण विणायला घेतले. चौथी गुंडी जोडून चार ओळी झाल्यावर रात्री ट्यूबलाइटखाली पांघरुणावर आडवा पट्टा दिसू लागला. तीन गुंड्या एका घाणीतील (लॉटमधील, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या) आणि तीन दुसऱ्या घाणीतील होत्या. शंका आली म्हणून दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला, तर तो वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. सूत नव्हतेच, ते ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा होता.

तेव्हा दोरा किंवा लोकर घेताना लेबल शाबूत असलेल्या गुंड्याच घ्याव्यात आणि सर्व गुंड्यांवरील लॉट क्रमांक जुळवून पाहावेत; रंगाचा क्रमांक सारखा असूनही लॉट निराळा असू शकतो. दोरा जाळून पाहण्याची परीक्षा घरी, मोरीत, चिमट्याने करावी. कापड आणि कागद भरलेल्या मांडवात काडी ओढणे धोक्याचे आहे. म्हणून आधी एकच गुंडी घ्यावी, घरी परीक्षा करावी आणि प्रदर्शन संपण्यापूर्वी पुन्हा जावे. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो व मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांत सहज चुरगळतो. कृत्रिम धागा वितळून कडक होतो. रंग जातो की नाही, हे मात्र गाळ्यावरच, विक्रेत्याला विचारून, ओल्या पांढऱ्या रुमालावर दोरा घासून पाहता येते. गडद लाल, काळा आणि निळा यांची ही परीक्षा टाळू नये.

क्रॉस स्टिचचे कापड घेताना त्यावर १४ काउंट लिहिलेले असेल, तर मोजपट्टी लावून एका इंचात चौदा चौकोन भरतात का, हे उभे आणि आडवे दोन्ही बाजूंनी मोजावे. स्वस्त कापडात एका बाजूने चौदा आणि दुसऱ्या बाजूने तेरा निघतात. फरक किरकोळ वाटतो, परंतु १४० टाक्यांचा चौरस नमुना एका बाजूने दहा इंच आणि दुसऱ्या बाजूने पावणेअकरा इंच होतो, आणि गणपतीचा चेहरा लांबट दिसतो.

मण्यांच्या बाबतीत काचेचा मणी गालाला लावल्यास थंड लागतो, प्लॅस्टिकचा लागत नाही. बारीक मण्यांत क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान. ११ क्रमांकाचा मणी साधारण २ मिलिमीटरचा असतो. पाकिटातील मणी तळहातावर ओतून भिंगातून छिद्रे पाहावीत. छिद्रांच्या कडा खरखरीत असतील तर त्या दोरा कापतात. वरून रंग चढवलेले मणी ओळखण्यासाठी घरी एक मणी नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्यावर घासावा.

एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) कोरे आकार सपाट टेबलावर ठेवून कोपरा दाबावा. डुगडुगला तर फळी वाकलेली आहे, आणि नागपूरच्या पावसाळ्यात ती आणखी वाकेल. रेझिन घेत असाल तर त्याच्या आणि त्याला घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या, अशा दोन्ही बाटल्यांवर मिश्रणाचे प्रमाण आणि उत्पादनाचा महिना छापलेला असावा, आणि हार्डनर पिवळसर दिसत असेल तर तो घेऊ नये. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि रेझिन उष्णतेत लवकर घट्ट होत असल्यामुळे हिवाळ्यात शिकलेले वेळेचे गणित मे महिन्यात चुकते, हेही लक्षात असू द्यावे.

तयार वस्तू आपण विकत घेण्यासाठी पाहतोच असे नाही, अभ्यासासाठीही पाहतो. तेव्हा अस्सल काम ओळखता आले पाहिजे. हाताने ठसे मारलेल्या कापडावर दोन ठशांच्या सांध्याशी रेष किंचित चढते किंवा सुटते. चार मीटरभर सगळे सांधे बिनचूक असतील तर ते यंत्राचे काम समजावे. पितळी म्हणून दिलेल्या वस्तूला चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे. टसर आपल्या भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागातील. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांतून तो निघतो आणि त्याचा मूळ रंग मधासारखा असतो, धागा थोडा जाडाबारीक असतो. या टसरावर विणली जाणारी विदर्भाची करवत काठी साडी समोर आली, तर तिचा काठ उलटून पाहावा. काठ आणि अंग यांसाठी वेगवेगळे धोटे चालवून ती विणतात, म्हणून करवतीचे दाते मागूनही तितकेच स्वच्छ दिसतात. छापलेला काठ मागून फिका असतो. साडीवर हँडलूम मार्क किंवा सिल्क मार्कचे लेबल आहे का, हेही पाहावे. पैकी सिल्क मार्क रेशमाच्या शुद्धतेबद्दल सांगतो, ते हातमागावर विणले आहे की यंत्रमागावर, याबद्दल नव्हे. विक्रेते या दोन लेबलांची सरमिसळ करतात, तेव्हा आपण करू नये.

सहावा टप्पा: बनवणाऱ्या माणसाशी बोलावे

प्रदर्शनाचे खरे मोल येथे आहे, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. काही वर्षांपूर्वी बस्तरहून आलेल्या एका ढोकरा कारागिराच्या टेबलापाशी मी तासभर उभी होते. त्याच्या समोर भुश्श्याने काळवंडलेल्या मातीचा बैल होता, अंगठ्याएवढा. राळ मिसळलेले मेण उन्हात मऊ करून त्याने एका नळकांड्यातून दाबले आणि पलीकडून शेवेसारखा मेणाचा धागा बाहेर आला. तो धागा त्याने बैलाच्या वशिंडापासून गुंडाळायला सुरुवात केली, एकाला एक लागून, मध्ये केसभर फट न ठेवता. वर मातीचा लेप बसतो, भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी पितळेचा रस उतरतो. साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागते, म्हणून एका साच्यातून एकच बैल निघतो. दोन ढोकरा मूर्ती रेषेला रेष जुळणाऱ्या दिसल्या तर शंका का घ्यावी, हे त्या दिवशी मला समजले. आणि हौशी माणूस म्हणून मी घरी काय आणले, तर मेणाचा धागा गुंडाळण्याची ती पद्धत. पुढे सुतळीच्या टोपल्या करताना आणि क्विलिंगच्या पट्ट्या बसवताना मला ती उपयोगी पडली.

कारागिराला प्रश्न विचारताना ‘हे कसे करता?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्याला दिवसातून शंभर वेळा त्याचे उत्तर द्यावे लागते. नेमके विचारावे: हा रंग कशापासून? पाण्याने जातो का? एका वस्तूला किती दिवस? यातील कोणता भाग सर्वांत जास्त बिघडतो? शेवटच्या प्रश्नावर बनवणारा माणूस खुलतो, कारण बिघडलेल्या वस्तू त्याच्या हातून झालेल्या असतात. फेरविक्री करणारा गडबडतो किंवा ‘आमच्याकडे बिघडतच नाही’ असे म्हणतो. शिवाय हस्तशिल्प कारागिरांना केंद्र सरकारकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. ते आहे का, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

काही पथ्ये पाळावीत. परवानगीवाचून छायाचित्र काढू नये. ‘हे तर मी घरी करीन’ हे वाक्य टेबलासमोर उच्चारू नये. खरे असले तरी नाही. गिऱ्हाईक आले की आपण बाजूला सरावे. आणि तासभर त्याचा वेळ घेतला असेल, तर लहानशी का होईना, एक वस्तू घासाघीस न करता विकत घ्यावी.

सातवा टप्पा: पैसे देताना

बिल मागावे, साध्या कागदावरचे का असेना, आणि त्यावर गावाचे नाव व फोन क्रमांक लिहून घ्यावा. तीन दिवसांनी मांडव उठतो आणि मग तक्रार न्यायची कोठे, हा प्रश्न उरतो. पाकीटबंद मालावर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, महिना व वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार आवश्यक आहे. पाकिटावर यांपैकी काहीच नसेल तर विक्रेत्याच्या शब्दाखेरीज आपल्या हाती काही राहत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

साहित्य कोठून आणावे

साहित्यासाठी प्रदर्शनाची वाट पाहू नये, कारण आपला बाजार बारमाही आहे. इतवारी आणि गांधीबागेतील गल्ल्यांत कापड, लेस, अस्तर, मणी, गोंडे यांची ठोक दुकाने आहेत. तेथे चिल्लर गिऱ्हाइकाला तुसडेपणा सोसावा लागतो हे खरे, पण चार मैत्रिणींनी मिळून पूर्ण पाकीट किंवा पूर्ण पेटी घेतली की तोच दुकानदार खुर्ची पुढे करतो. जाण्यापूर्वी सुट्टीचा वार फोनवर विचारावा. नावात इतवार असला म्हणून रविवारी दुकान उघडे सापडेलच, असे समजू नये. ज्या शहरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, त्या शहरात चांगले सूत शोधत हिंडावे लागते, याची मला दर वेळी गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

शिकण्यासाठी आणि पाहण्यासाठी तर प्रदर्शनांपेक्षा चांगल्या जागा आहेत. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे चितार ओळीत फेरी मारावी. मूर्तीचे डोळे रेखताना कुंचला कसा धरतात, हे रस्त्यावरून दिसते. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास बाजारात कोरे लाकडी बैल मिळतात, आणि रंगकामाच्या सरावासाठी त्याहून चांगली वस्तू मला माहीत नाही: लाकूड अस्सल, आकार गोलाईचा, आणि झूल, शिंगे, घुंगरे यांमुळे रंग, कापड व मणी या तिन्हींना वाव. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झाले. खादी आणि ग्रामोद्योगांची साधने तेथे जवळून पाहता येतात आणि नागपूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मातीकामाची आवड असणाऱ्यांनी भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि बांबूकामाची आवड असणाऱ्यांनी चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांची आधी फोनवर चौकशी करून मग भेट ठरवावी.

आपणच टेबल मांडायचे ठरवल्यास

पहिले टेबल वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या, एक दिवसाच्या मेळाव्यातच घ्यावे. भाड्याचा आकडा ऐकल्यावर तो आपल्या एका वस्तूमागे सुटणाऱ्या पैशांनी भागावा आणि तेवढे नग आपल्याजवळ तयार तरी आहेत का, हे पाहावे. आयोजकाकडून शेजारी कोणाचे गाळे असतील, हे लेखी विचारून घ्यावे. क्रोशाच्या फुलांशेजारी ध्वनिक्षेपकावर ओरडणारा किसणीवाला आला, तर दिवस वाया जातो. हाताने केलेल्या कामाचा वेळ किमतीत धरावा. आणि टेबलावर बसून काम करत राहावे. येणारी माणसे विणणाऱ्या हातांपाशी थांबतात, मांडलेल्या मालापाशी नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

शेवटचा टप्पा: आयोजकाला कळवणे आणि आपली बैठक भरवणे

बाहेर पडताना अभिप्रायाची वही ठेवलेली असते. तीत ‘छान’ किंवा ‘निराशा झाली’ असे लिहून उपयोग नाही. काय हवे ते मोजून लिहावे: सुट्या साहित्यासाठी निम्म्या भाड्यात दोन टेबले, रोज दुपारी चार वाजता एक प्रात्यक्षिक, गाळ्यावर कारागिराचे गाव लिहिलेली पाटी. एकाच मागणीखाली पंधरा जणींच्या सह्या असल्या तर ती वाचली जाते. आमच्या गटाने एका लहान आयोजकांकडे अशी मागणी केली, तेव्हा पुढच्या खेपेस दोऱ्याचे एक टेबल आले. एकच आले, आणि दुपारी दोनपर्यंत त्यावरचा पांढरा व काळा दोरा संपला होता.

तोवर दहा-बारा जणींनी महिन्यातील एका शनिवारी कोणाच्या तरी घरी उरलेले साहित्य घेऊन जमावे. प्रत्येकीने आपली वस्तू पाकिटात घालून वर प्रकार, वजन, लॉट क्रमांक आणि साधारण किंमत लिहून आणावी, म्हणजे अदलाबदल करताना कोणाला संकोच वाटत नाही. पहिल्या तासात अदलाबदल, दुसऱ्या तासात एकीने एक टाका किंवा एक युक्ती शिकवावी, आणि इतवारीतून मिळून काय मागवायचे, त्याची यादी चहाच्या वेळी करावी. माझी ॲक्रिलिकची उरलेली मोरपंखी लोकर अशाच एका बैठकीत गेली. ‘ॲक्रिलिक, दोन लॉट’ असे पाकिटावर स्पष्ट लिहिले होते, आणि जिने ती घेतली तिला बाहुल्यांच्या वेण्यांसाठी तीच हवी होती.